तीन ते चारचा तास

कळंबच्या ख्रिस्ती मंडळीत कुणासाठी साखळी-प्रार्थना लावायची ठरली की पाळकसाहेब आधी एक कागद आखतात. चोवीस रकाने, चोवीस नावं, एकेकाला एकेक तास. आपला तास आला की माणसानं असेल तिथं बसायचं, घरात, बांधावर, कामाच्या ठिकाणी, आणि त्या एका आजाऱ्यासाठी देवाकडे मागायचं. तास भरला की कागदावरच्या पुढच्या माणसाला फोन करायचा आणि एवढंच म्हणायचं, "माझा तास झाला." तो फोन येईपर्यंत पुढच्याचा तास सुरू होत नाही आणि मागच्याचा सुटत नाही. एखाद्याला नाहीच जमलं तर त्यात लाज नाही. तो तसं सांगतो आणि त्याच्या आधीचा माणूस आणखी एक तास बसतो. मंडळीतले जुने पंच आबाजी ओहोळ नव्या माणसाला हे समजावताना नेहमी म्हणतात, "दमलो म्हणा, डोळा लागला म्हणा, कामात अडकलो म्हणा. पण झाला नसंल तर झाला म्हणू नका."

ऑगस्टमधल्या एका बुधवारी दुपारी चार वाजता त्यांच्याच मुलीनं नेमकं ते केलं.

सुकन्या चोवीस वर्षांची. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली, बारामतीला एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. आठवडाभर ती जळोचीत भाड्याच्या खोलीत राहायची आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं कळंबला घरी यायची. घरी पप्पा एकटेच असत. आई सहा वर्षांपूर्वी गेली होती.

साखळी होती दीपकसाठी. मंगळवारी सकाळी उसाला दारं धरताना, म्हणजे सरीतून पाणी फिरवताना, त्याच्या पोटरीला घोणस चावली. इंदापुरात पहिली इंजेक्शनं देऊन त्याला बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. घोणशीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. दीपकच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, लघवीतून येत होतं, सुई टोचलेली जागा तासन्‌तास पाझरत होती. त्याची आई छबूबाई, नवऱ्याच्या मागं चार म्हशींवर पोराला वाढवलेली बाई, अतिदक्षता विभागाच्या दाराशी लोखंडी बाकावर बसून होती. आणि मंगळवारी संध्याकाळी आठपासून कळंबची पंधरा घरं आळीपाळीनं गुडघ्यांवर होती.

बुधवारी दोन ते तीन आबाजींचा तास होता, तीन ते चार सुकन्याचा.

बरोबर तीनला पप्पांचा फोन आला. "माझा तास झाला, बाळा. आता तू." आवाज बसका होता, बराच वेळ आतल्या आत बोलत राहिलेल्या माणसासारखा. "दीपकच्या रक्ताचं देवाला नीट सांग. तुला त्यातलं कळतं. आम्ही नुसतं बरं कर, बरं कर म्हणतोय."

सुकन्या नमुन्यांच्या बाटल्या ठेवायच्या खोलीत गेली. दार लोटलं, स्टुलावर बसली, फोन मांडीवर ठेवून डोळे मिटले. "हे दयाळू बापा," तिचे ओठ हलले, आणि तिथंच थांबले.

शब्द नव्हते असं नाही. शब्द लहानपणापासून पाठ होते, सुरुवातीपासून आमेनपर्यंत. पण ते ज्याला सांगायचे तो समोर आहे असं वाटत नव्हतं. शाळेत असताना ती डोळे मिटायची तेव्हा पलीकडे कुणीतरी आहे हे तिला न सांगता कळायचं, अंधारात खोलीत दुसरं माणूस झोपलेलं असलं की कळतं तसं. ते कधी गेलं ते तिनं लक्ष ठेवून पाहिलं नव्हतं. पण दीड वर्षापूर्वी एकदा जेवणाआधीची प्रार्थना करताना तिच्या ध्यानात आलं की खोली रिकामी आहे. त्यानंतर ती जितक्या वेळा नीट लक्ष देऊन बसली तितक्या वेळा रिकामीच होती.

त्यात भर पडली ती तिच्या शिक्षणाची. एम.एस्सी.च्या प्रकल्पात सरांनी एकच गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती: कुठला निकाल आला तर तुमचं म्हणणं चूक ठरेल, ते आधी लिहा. तिनं प्रार्थनेबद्दल ते लिहून पाहिलं. माणूस बरा झाला तर देवाची कृपा, नाही झाला तर देवाची इच्छा. चूक ठरवणारा रकाना कोराच राहिला. हे पप्पांना विचारावं असं तिला कितीदा वाटलं, पण गुडघा धरून उठणाऱ्या त्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या हातातली काठी तपासायला मागण्यासारखं होतं.

तिनं डोळे उघडले तेव्हा तीन वाजून सात मिनिटं झाली होती. समोर कुणी नसताना बोलत राहणं हे ढोंग होईल, तिनं स्वतःला सांगितलं. उरलेली त्रेपन्न मिनिटं तिनं मोबाईलवर घोणशीच्या विषावरचा एक शोधनिबंध वाचला. त्यातली मात्रांची सारणी तिला अजून आठवते.

चार वाजले. पुढचा तास पिठाची गिरणी चालवणाऱ्या रावजी काकांचा. "काका, मला नाही जमलं," असं म्हणायचं तिनं ठरवलं होतं. पण मग नियमाप्रमाणे तास परत पप्पांकडे जाणार. पप्पा दुखऱ्या गुडघ्यावर पुन्हा टेकणार आणि रविवारी विचारणार, काय झालं होतं? कामात अडकले होते, असं सांगता आलं असतं, पण तेही खोटंच. फोन लागला. मागं गिरणीची घरघर.

"माझा तास झाला, काका," ती म्हणाली.

"झाला? बरं, बरं. थांब, गिरणी बंद करतो."

आणि फोनमध्ये तिला गिरणी बंद होताना ऐकू आली. पट्टा सुटला, घरघर मंदावत गेली, मग शांतता. त्या शांततेत तिनं फोन ठेवला.

पावणेपाचला छबूबाईचा फोन.

"सुकन्या! अगं, गोठलं! रगत गोठलं!"

"मावशी, सावकाश सांगा."

"सकाळी दहाला डाक्टरनं काचंच्या नळीत रगत घेतलं. ईस मिनटं तसंच ठिवलं अन् तिरपं केलं, तर पाण्यावानी व्हायलं. आन् आत्ता चारला परत घेतलं. नर्सबाईनं मला हालवून उठवलं, म्हन्ली, आजी, बघा. नळी उलटी केली तर थेंब खाली आला न्हाय! धयावानी बसलं व्हतं धयावानी! चारला कुणाचा तास सरत व्हता? तुझा! कागद हाय माझ्यापाशी, फोटू पाठवलाय पाळकसाबांनी."

सुकन्याला आनंद झाला, खराखुरा. त्याच्या पाठोपाठ 'माझा तास झाला' हे आपलंच वाक्य तिला आठवलं.

"मावशी, दहाला पातळ होतं, चारला गोठलं. म्हणजे मधल्या सहा तासांत केव्हाही सुधारलं असेल. औषधाचा दुसरा डोस साडेदहाला दिलाय ना? यकृताला रक्त गोठवणारे नवीन घटक तयार करायला तेवढा वेळ..."

"व्हय, व्हय, डाक्टरचंबी उपकार. मी कुठं न्हाय म्हन्ते? पण तास तुझा."

दीपक नऊ दिवसांनी घरी आला. पोटरीवरची जखम मोठी होती, चालताना काठी लागत होती, पण माणूस आला होता. आणि गावात मंडळीच्या आतबाहेर एकच गोष्ट पसरली. सुकन्या शनिवारी एसटीतून उतरली की कुणीतरी म्हणायचंच. रावजी काका गिरणीच्या दारातून पीठ झटकत ओरडायचे, "काय डाक्टरीणबाई, आमच्या जात्याला घोणस चावलीय, बसता का तासभर?" सगळे हसायचे. तीही हसायची, आणि त्या हसण्याचीही तिला नंतर लाज वाटायची.

तिच्याकडे आता दोन निरीक्षणं होती. सहा वर्षांपूर्वी आईसाठी साखळी लागली होती, दोन दिवसांची. त्यात सुकन्याचा तास पहाटे पाच ते सहा होता. अठरा वर्षांच्या सुकन्यानं तो एक क्षण न सोडता भरला होता, गुडघ्यांवर चटईचे वळ उठेपर्यंत. आई त्याच दिवशी गेली. भरलेला तास, आणि माणूस गेलं. रिकामा तास, आणि माणूस आलं. दोन निरीक्षणांवरून कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही, हे ती कुणालाही पटवून देऊ शकली असती. स्वतःला फक्त एक गोष्ट पटवता येत नव्हती. देव नसेल तर तिच्या न बसण्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग हे टोचत काय होतं?

त्याचं उत्तर अर्धंमुर्धं तिला प्रयोगशाळेतच मिळालं, आणि तेही नागेशच्या तोंडून.

नागेश तिचा सहकारी. उबवण कपाटाचं, म्हणजे इनक्युबेटरचं, तापमान दर चार तासांनी बघून नोंदवहीत लिहायचं काम पाळीनं दोघांकडे. जूनमध्ये एकदा सुकन्या सकाळी साडेसातला लवकर आली तर आठच्या रकान्यात सदतीस अंश आधीच लिहिलेलं, खाली नागेशची सही. तिनं वरिष्ठांना सांगितलं. नागेशला लेखी समज मिळाली. तेव्हा तो तिच्यावर चिडून म्हणाला होता, "मॅडम, काटा सदतीसलाच असणार व्हता की! तीन वर्षांत एकदा तरी हाललाय का?" आणि ती त्याला म्हणाली होती, "असणार होता आणि पाहिला, यात फरक आहे."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती कपाटासमोर पेन घेऊन उभी होती, मनानं कळंबला. नागेश मागून म्हणाला, "मॅडम, बघून लिवा हां. न्हायतर मला नाव सांगावं लागंल तुमचं."

तो चेष्टाच करत होता. पण तिचे कान गरम झाले. काटा सदतीसलाच असणार होता. दीपक बरा होणारच होता. तिनं न पाहता लिहिलं होतं, सही करून, आणि त्या सहीवर दुसऱ्या माणसानं आपली गिरणी बंद केली होती.

त्याच संध्याकाळी छबूबाईचा फोन आला. येत्या रविवारी दीपकसाठी उपकारस्तुतीची उपासना ठेवली होती. "तू साक्ष द्यायची. पुढं हुबं राहून सांगायचं, त्या तासात काय झालं ते. पाळकसाबांना मी सांगितलंय."

"मावशी, दुसरं कुणी..."

"दुसरं कुनी कशाला? तास तुझा."

शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी पप्पा आपला पांढरा शर्ट इस्त्री करत होते. सुकन्या दाराशी उभी राहिली. "पप्पा, उद्याच्या साक्षीचं मला..."

"घाबरू नको. चार वाक्यं बोल." त्यांनी कॉलरवर पाणी शिंपडलं. "तुझ्या आईच्या साखळीनंतर लोकांचा धीरच गेला होता बघ. साखळी लावू म्हटलं की माना खाली घालायचे. आता परत एकमेकांना फोन करायला लागलेत." त्यांनी इस्त्री फिरवली. "तुझ्या तासानं झालं ते."

ती भाकऱ्या थापायला आत गेली.

कळंबचं प्रार्थनामंदिर म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेला एक लांबट हॉल, डाव्या बाजूला बायका, उजव्या बाजूला पुरुष, समोर मध्यभागी एक जुनं लाकडी मेज. त्या रविवारी दीपक काठी टेकत चालत आला तेव्हा लोक उठून उभे राहिले. छबूबाईनं हिरवं लुगडं नेसलं होतं. उपासनेनंतरच्या चहासाठी तिनं आपल्या म्हशींचं दूध आणलं होतं, दोन किटल्या भरून.

गीतं झाली, संदेश झाला. पाळकसाहेबांनी सुकन्याचं नाव घेतलं.

ती पुढं गेली. मेजाच्या कडेला हात टेकले. रात्री तिनं बोलायचं सगळं क्रमानं मनात लावलं होतं: आधी काय घडलं, मग का, मग माफी. समोर पहिल्या रांगेत छबूबाई तिच्याकडे बघत होती.

"माझा तास रिकामा होता," सुकन्या म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "तीन ते चार. मी काहीच केलं नाही."

ती श्वास घ्यायला थांबली, तेवढ्यात पाळकसाहेब उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. "ऐकलंत, माझ्या प्रियांनो? एवढं शिकलेली मुलगी. आणि म्हणते, मी काहीच केलं नाही! जे केलं ते प्रभूनं केलं! ही लीनता शिका."

"आमेन!" पुरुषांकडून आवाज आला. "आमेन!" बायकांनी म्हटलं. रावजी काकांनी ढोलकीवर थाप मारून गीत उचललं आणि हॉलभर टाळ्या सुरू झाल्या.

सुकन्या तोंड उघडं ठेवून उभी होती. थांबा, म्हणायला हवं होतं. हात वर केला असता तरी पुरलं असतं. पण तिला सुटल्यासारखं वाटलं. खरं तर बोलून झालं होतं, आणि कुणालाही कळलं नव्हतं. ती हळूच आपल्या जागेवर येऊन बसली, आणि बसल्यावर तिला कळलं की आपण हे खोटं आता दुसऱ्यांदा बोललो, या वेळी सगळ्यांसमोर.

टाळ्या न वाजवणारी माणसं दोनच होती. पप्पा जमिनीकडे बघत होते. आणि छबूबाई अजून तिच्याकडेच बघत होती.

बाहेर लिंबाखाली चहा सुरू झाला. सुकन्या कप वाटायला गेली, तशी छबूबाईनं तिच्या हातातला ट्रे काढून दुसऱ्या बाईकडे दिला आणि तिला भिंतीच्या कडेला घेतलं.

"मगाशी काय म्हन्ली तू?"

"मावशी..."

"पाळकसाब म्हन्ले लीनता. मी काय शिकल्याली न्हाय. पण कासंला हात लावला की सांगते, म्हशीला दूध हाय का न्हाय. तुझं तोंड लीनतेचं नव्हतं. खरंच रिकामा व्हता?"

"हो."

"कामात व्हतीस?"

"नाही." मग तिनं सांगितलं. सात मिनिटांचं सांगितलं, मोबाईलचं सांगितलं. "मला समोर कुणी आहे असं वाटत नाही, मावशी. दीड वर्ष झालं. नसताना बोलायचं मला जमलं नाही. पण ते मी रावजी काकांना सांगायला हवं होतं. मी झाला म्हणाले."

चहाचे दोन कप घेऊन पप्पा तिच्यामागं येऊन थांबले होते. किती ऐकलं ते तिला कळलं नाही. कप त्यांच्या हातात तसेच होते.

छबूबाईनं पदर खोचला.

"त्या बाकावर बसून मी मोजत व्हते," ती म्हणाली. "आता अमकी बसली आसंल, आता तमका. मंगळवारपास्नं डोळ्याला डोळा न्हवता. वाटायचं, मी झोपले तर पोरगं जाईल. तीनला म्हन्लं, आता सुकन्या बसली. शिकल्याली हाय, नीट सांगंल. आन् मी पाठ टेकली. दोन दिसांत पयल्यांदा. तुझ्या भरवशावर झोपले मी."

हे सुकन्याच्या हिशेबात कुठंच नव्हतं. तिनं देवाला धरलं होतं, पप्पांना धरलं होतं, रावजी काकांच्या गिरणीला धरलं होतं. त्या लोखंडी बाकावर त्या तासाला कुणी डोळे मिटले असतील, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मला माफ करा, मावशी."

"त्ये मागनं बघू." छबूबाईचा आवाज चढला नाही, त्यामुळं तो जास्तच लागला. "द्येव हाय का न्हाय, त्ये तू आन् त्यो बघून घ्या. मी मधी पडत न्हाय. पण त्यो तास देवाचा न्हवता, तुझ्या बापाचाबी न्हवता. माझ्या पोराचा व्हता. त्यो मला दे."

"कसा देऊ?"

"आज तीनला घरी ये. त्याच्यापाशी बस. काय बोलायचं का न्हाय बोलायचं तुझं तू बघ. मला झोपायचंय."

एवढं बोलून ती किटल्यांकडे गेली.

घरी जाताना पप्पा दोन पावलं पुढं चालत होते. कॅनॉलचा पूल ओलांडल्यावर ते म्हणाले, "मला सांगायचंस. मी बसलो असतो."

"तुमचा गुडघा..."

"गुडघ्याचं कारण मला नको सांगूस." ते तिच्यावर कधी ओरडत नसत. आताही ओरडले नाहीत. थोडं चालून म्हणाले, "आईमुळं का?"

"नाही पप्पा. तसं असतं तर सांगायला सोपं होतं."

ते थांबले, जणू काही विचारायचं आहे. मग पुन्हा चालू लागले. घरी जेवणाआधी ते नेहमीसारखे हात जोडून थांबले. सुकन्यानं डोळे मिटले नाहीत. ती त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. शेवटी ते आमेन म्हणाले, आणि तिच्या आमेनची वाट न बघता त्यांनी भाकरी मोडली.

तीनला पाच मिनिटं कमी असताना ती छबूबाईच्या दारात होती. दीपक खाटेवर पडला होता, पाय उशीवर. छबूबाईनं जमिनीवर गोधडी टाकली, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि म्हणाली, "चारला उठवू नको. मी उठंन तवा उठंन."

दीपकनं आईकडे बघितलं, मग सुकन्याकडे. "आईनं सांगितलं मला," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"हं."

"मी तर शुद्धीतच न्हवतो. मला काय फरक पडला आसंल तर ठाऊक न्हाय बाबा." त्यानं काठी खाटेखाली सरकवली. "आता काय करणार तासभर?"

"माहीत नाही."

"मोबाईल तेवढा काढू नको. आई मारंल."

ती हसली, आणि फोन उलटा करून खिडकीत ठेवला.

दहा मिनिटांत छबूबाई घोरायला लागली. दीपकनंही डोळे मिटले. सुकन्या खुर्चीवर बसून बघत राहिली. जखमेवरची पट्टी सुटली होती. जखम साधारण सहा सेंटिमीटर लांब, चार रुंद, कडा कोरड्या, तळाला लालसर नवं मांस भरत आलेलं. पू नव्हता. एक माशी सारखी येत होती, ती तिनं वर्तमानपत्रानं हाकलली. पुन्हा आली, पुन्हा हाकलली.

"हे दयाळू बापा," असं तिनं म्हणून पाहिलं नाही. ती नुसती त्या पायाकडे बघत होती. हा पाय भरून यावा. या माणसानं काठी टाकावी. त्या बाईला झोप लागावी, आज आणि पुढंही. हे सगळं तिला हवं होतं, इतकं की हाताची बोटं एकमेकांत अडकून दुखायला लागली होती. ती मागत होती, यात शंका नव्हती. कुणाकडे, तो रकाना कोरा होता. तिनं त्यात डोकावून पाहिलं. आवाज नाही, चाहूल नाही. खोली होती तशीच होती, तीन माणसांची आणि एका माशीची. त्या रकान्यात 'आहे' लिहायला तिच्याकडे काही नव्हतं. पण ज्या दुपारी तिनं सात मिनिटांत 'नाही' लिहून टाकलं, त्या दुपारी तरी तिनं नीट पाहिलं होतं का? तिला सांगता येईना. तिनं तो कोराच ठेवला.

टोचणी गेली नाही. छबूबाईची ती झोप, बाकावरची, परत देता येण्यासारखी नव्हती. ही दुसरी होती.

चार वाजले. तिनं खिडकीतला फोन घेतला आणि दारात जाऊन रावजी काकांना लावला. रविवार असल्यानं गिरणी बंद होती. काकांचा आवाज झोपेतून आला.

"काका, माझा तास झाला."

"कंचा तास?"

"ऑगस्टमधला. बुधवारचा, तीन ते चार."

पलीकडे बाज करकरल्याचा आवाज आला, काका उठून बसले असावेत.

"तवा झाला म्हन्ली व्हतीस की."

"तेव्हा नव्हता झाला, काका. मी खोटं सांगितलं."

"आन् मगाशी उपासनेत सांगत व्हतीस ते ह्येच?"

"हो."

"आन् मी मदीच ढोलकी वाजवली." काका आता रागावतील, म्हणून ती वाट बघत उभी राहिली. रागावले असते तर बरं झालं असतं. "आता झाला म्हन्तीस?"

"आता झाला."

"मंग माझा पुन्यांदा सुरू धरायचा का कसं?"

"मला माहीत नाही, काका."

"मलाबी न्हाय ठाऊक. असं कधी झालंच न्हाय." काकांनी जांभई दिली. "बसतो. उठलोच हाय तर बसतो."

फोन बंद झाला. तिचा तास सुटला होता, नियमानं ती आता जाऊ शकत होती. आत छबूबाई अजून झोपली होती, तोंड थोडं उघडं, एक हात उशाखाली. माशी परत दीपकच्या पायावर बसली होती.

सुकन्या आत आली, वर्तमानपत्र उचललं आणि पुन्हा खुर्चीवर बसली.